युसूफसरांची गार चादर

९ मे. दुपारची जेवणं उरकली आणि चादरीची खोळ शिवायला बसले. ही अंगावर घ्यायची चादर नव्हे, गेलेल्या माणसावर घालायची. चादर काल सकाळपासून मागच्या पडवीतल्या जुन्या डीप फ्रीझरमध्ये आहे, उद्या सकाळपर्यंत तयार होईल. फ्रीझर आमच्या दुधाच्या दुकानातून बाद झालेला, आता शून्याखाली जात नाही, त्यामुळे तो दोन दिवस घेतो. खोळ मात्र दर वेळी कुठेतरी उसवते. उचलताना माणसं कोपरा धरून ओढतात.

मशीनवर बसले असताना बंगळूरहून फोन आला. माणूस पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातला, आता तिकडे नोकरीला. घरी आई आणि तिचं सगळं करणारी धाकटी बहीण. आईचं आता काही खरं नाही, चार दिवस म्हणा, आठ म्हणा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. माझा नंबर त्याला गावातल्याच कोणीतरी दिला. चादर मोकळी आहे का आणि ती किती वेळ टिकते, एवढंच त्याला हवं होतं. मी विचारलं, आई बोलते का. हो म्हणाला, बोलते, माझं नाव काढते असं बहीण सांगते. मग म्हणाला, "चादर नक्की असेल तर मला त्या हिशेबानं निघता येईल, मॅडम. आत्ता काम टाकून आलो आणि आई महिनाभर राहिली, तर पुन्हा सुट्टी मिळणार नाही."

माणूस वाईट नव्हता. आवाजावरून कळतं. उद्या सकाळी सांगते म्हणाले आणि फोन ठेवला. सुईतून निसटलेला दोरा ओवला, पण पुढे टाका घातला नाही. युसूफसर यावर काय म्हणाले असते ते मला माहीत होतं. खोळ बाजूला ठेवली आणि हे लिहायला घेतलं.

युसूफसर रोह्याजवळ धाटावच्या आमच्या कारखान्यात प्रयोगशाळेचे प्रमुख होते. मी त्यांच्या हाताखाली तपासणीला. त्याआधी बरीच वर्षं ते कुवेतला रंगाच्या एका कंपनीत होते. परत आले ते रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातल्या आपल्या जुन्या घरात राहायला, आणि मीही अष्टमीचीच, त्यामुळे कंपनीच्या बसला आम्ही एकाच थांब्यावर उभे असायचो. पहिले दोन महिने त्यांनी माझ्याशी कामापलीकडे एक शब्द काढला नाही. मीही नाही. नंतर ते म्हणायचे की आमचं जमलं ते यामुळेच.

कारखाना मेणाचे कण बनवायचा. मेणाचा अगदी बारीक थेंब, नुसत्या डोळ्याला न दिसणारा, आणि त्याच्याभोवती प्लास्टिकच्या जातीचं पातळ कवच. असे असंख्य कण वाळवले की पिठासारखी पांढरी पूड होते. मेण वितळताना आजूबाजूची उष्णता पिऊन घेतं, आणि सगळं वितळून होईपर्यंत स्वतः तापत नाही. गार झालं की तीच उष्णता परत देतं. वितळलेलं मेण कवचाच्या आतच राहतं, त्यामुळे पुडीला ओल सुटत नाही. ही पूड गादीत घालतात, कापडाला लावतात, भिंतीच्या गिलाव्यात मिसळतात. एवढं समजावायला नवीन आलेली मुलं फळ्यावर गोल काढून बाण मारायची. युसूफसर बाजारातून गाबोळी आणून काचेच्या बशीत ठेवायचे. माशाची अंडी. "हा कण, हे कवच, आत माल. दाबून बघ, फुटतो का? मग तुझा कण ह्याच्यापेक्षा नाजूक का?" दुपारी तीच गाबोळी त्यांच्या बायकोनं, हाजराभाभींनी, दिलेल्या मसाल्यात परतून सगळ्यांना वाटली जायची. त्या मुलांना ते पुस्तकाचे जावई म्हणत. सासरी मान मोठा, काम काय नाय.

कोणी म्हणालं, सर, हा नमुना थंड आहे, की ते मान वर न करता विचारायचे, "किती?" गरम आहे म्हटलं तरी, "किती?" बसमध्ये कोणी उकाड्याला कंटाळून सुस्कारा टाकला तर तिथेही. आकडा सांगितला की मगच पुढचं बोलणं. पण स्वतः मात्र आकड्यावर थांबत नसत. यंत्र काहीही सांगो, हाताची पाठ लावून बघायचे, बरणीला, भिंतीला, भांड्याला. चहा पूर्ण निवल्याशिवाय पीत नसत. कपावर साय धरायची, ती बोटानं बाजूला करून एका घोटात संपवायचे. भाभी म्हणत, ह्यांच्यासाठी चूल पेटवायची तरी कशाला.

बोलणं तिरकस. माझ्याबद्दल ते चारचौघांत सांगत, "संध्याबायच्या हातात दया नाय, पण टाका सरळ हाय." मी यावर कधी रागावले नाही, कारण दोन्ही खरं आहे.

आमच्या बसचा ड्रायव्हर गेला तेव्हाची गोष्ट. उन्हाळाच होता. त्याचा भाऊ सुरतेला, तो येईपर्यंत थांबायचं ठरलं आणि मासळीच्या बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणल्या. आमच्याकडे रीतच आहे ती, दुसरं मिळतं काय? आम्ही गेलो तेव्हा लाद्या विरघळत होत्या. पाणी खोलीभर, त्यात लाकडाचा भुसा आणि मासळीचा वास. बायका पाय वर घेऊन बसल्या होत्या. ड्रायव्हरची बायको फडक्यानं पाणी टिपत होती, फडकं पिळत होती, पुन्हा टिपत होती. रडायला तिला सवडच नव्हती.

परतताना कुंडलिका नदीच्या पुलावर युसूफसर थांबले. त्यांची आई गेली तेव्हा ते कुवेतला होते. त्यांच्यात मातीला उशीर करत नाहीत, तरी घरच्यांनी जमातीला विनवून सकाळपर्यंत थांबवलं होतं, आणि आईला अशाच लाद्यांवर ठेवलं होतं. एवढं ते सरळ आवाजात बोलले. मग कठड्याला हात टेकून म्हणाले, "मी येऊन कपडा बाजूला केला. चेहरा भिजलेला, काळानिळा. भिवईवर भुश्याचा एक कण व्हता, तो मी काढला. तेवढंच माझ्या हातनं झालं. आय मला दिसलीच नाय, संध्याबाय. ती दुसरीच कोण तरी व्हती."

हे त्यांनी पुन्हा कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गोदामात नेलं. लस नेण्याच्या पेट्या बनवणाऱ्या एका गिऱ्हाईकासाठी आम्ही मालाची एक वेगळी खेप केली होती. पाच-सहा अंशांना गोठणारं मेण. एरवी ते तेलासारखं पातळच असतं. मी एकदा त्याला तेल म्हटलं तर युसूफसरांनी दुरुस्त केलं होतं, मेणच हाय, फक्त थंड मुलखातलं. गिऱ्हाईक नंतर फिरकलंच नव्हतं आणि पिंपं तशीच पडून होती. युसूफसरांचं म्हणणं असं की बर्फ लादी म्हणून येतो, अंगाला टेकतो तिथे जाळतो, आणि वितळला की गळतो. नुसतं मेण गोठवलं तर त्याचीही लादीच होणार. पण हे कण पाण्यात कालवून पिशव्यांत भरले तर गोठल्यावरही लगदा मऊ राहील. अंगाच्या घडणीप्रमाणे बसेल. गळायचा प्रश्न नाही, आणि गारवा बर्फाइतका कडक नाही. पिशव्या त्यांनी सील करून घेतल्या, अष्टमीतल्या शिंप्याला जाड कापड दिलं, रजईसारखे चौकोनी कप्पे पाडायला सांगितलं. शिंप्यानं कशासाठी म्हणून विचारलं आणि उत्तर ऐकून शिवायला नकार दिला. मग ते काम माझ्याकडे आलं.

चादर झाली तशी त्यांनी ती आधी स्वतःवर घालून घेतली. जेवणाच्या सुट्टीत, प्रयोगशाळेच्या लांब टेबलावर, डोळे मिटून. मी दर थोड्या वेळानं कपाळाचं, छातीचं, पोटऱ्यांचं तापमान घेत होते. तेवढ्यात झाडूवाली वंदना आत आली आणि तिच्या हातातली बादली खाली आदळली. युसूफसर डोळे न उघडता म्हणाले, "अजून हाय मी. तू पोछा मार." वंदनानं पुढे कित्येक दिवस त्या टेबलाखाली झाडू घातला नाही.

पहिल्यांदा चादर खरी उपयोगात आली ती धरमतरच्या बाजूला, मिठागरात काम करणाऱ्या एका घरी. म्हातारी गेली होती, मुलगा जहाजावर होता, कोची बंदराला उतरून यायचा होता. युसूफसरांनी स्वतः जाऊन चादर घातली. मी बरोबर होते. खालचा भाग अंथरला, वरचा पायांकडून छातीपर्यंत आणला, चेहरा मोकळा ठेवला, दोन्ही बाजूंना लहान पिशव्या लावल्या. घरच्यांना सांगितलं की आता हिला काही करायचं नाही, वरून फक्त एक रजई टाका. संध्याकाळी आम्ही निघालो.

सकाळी निरोप आला. गेलो तर घराबाहेर बायका नाकाला पदर लावून उभ्या. आत रॉकेलसारखा वास. म्हातारीच्या अंगावरच्या नव्या लुगड्यावर छातीपासून खाली तेलाचा डाग पसरला होता. एक बाई मला म्हणाली, "म्हातारीला रॉकेल पाजलंत काय गो?"

झालं होतं ते असं. आम्ही गेल्यावर म्हातारीच्या दिराला काही चैन पडेना. त्यानं जन्मभर मासळीचा बर्फ बघितलेला. बर्फावर मीठ मारल्याशिवाय गारवा धरत नाही, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. त्यानं घरातलं खडे मीठ आणून चादरीवर पसरलं, घड्यांत दाबून भरलं, वरून रजई घट्ट आवळली. माणसं पाया पडायला येऊन टेकत होती. खडे कापडातून पिशव्यांत घुसले आणि आतले कण दाबाखाली फुटले. आमच्या कणांचं कवच त्या वेळी कडक असायचं. कडक आणि ठिसूळ.

दीर अंगणात उभा होता. त्याला काय झालं ते कळलेलं नव्हतं, पण आपल्या हातून काहीतरी झालं एवढं कळलं होतं. "मिठाबिगर गारवा ऱ्हातो काय, सायेब? आमी तर म्हातारीसाठीच..." असं म्हणून तो थांबला. सगळे युसूफसरांकडे बघत होते. मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं.

"चादर माझी फुटली," ते म्हणाले. "कच्ची व्हती. तुमचा काय दोष नाय."

बायकांनी म्हातारीला पुन्हा अंघोळ घातली. मी आत मदतीला गेले. दुसरं लुगडं पेणच्या बाजारातून येईपर्यंत युसूफसर अंगणात उन्हात उभे राहिले. कोणी दोनदा खुर्ची आणून दिली, पण ते बसले नाहीत. दुपारी मुलगा आला. चेहऱ्याला काही झालं नव्हतं, तो होता तसा होता. मुलगा आईजवळ बराच वेळ बसला, बाहेर आल्यावर युसूफसरांचे हात धरले. त्यांनी हात सोडवून घेतले.

येताना रिक्षात मी म्हणाले, मीठ घालू नका असं एक शब्दानं सांगितलं असतं तर हे झालं नसतं. ते म्हणाले, "मिठागरवाला मीठ घालणारच. उद्या दुसरा कोण तांदूळ ठेवेल, नारळ ठेवेल, पोर वर पडून रडेल. चादर त्यांच्यासाठी करायची का माझ्या टेबलासाठी?"

पुढचे काही महिने त्यांना कवचाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. कडक कवच मेणाला चांगलं धरून ठेवतं, पण वाकत नाही. मऊ केलं तर वाकतं, पण मेण पाझरतं. ते कडक मालात दुसरं एक लवचीक पॉलिमर थोडं थोडं मिसळून बघत होते. प्रमाण बदलायचं, खेप करायची, मग गोठव, वितळव, गोठव, वितळव. तपासणी माझ्याकडे असल्यामुळे मला दिवसभर तेच. गणपतीत ते आमच्या घरी आले होते, तेव्हा मी उकड मळत होते. तेलाचा हात घेतला तेव्हा म्हणाले, "हेच. पारी चिरू नये, पण आतलं सारणही बाहेर येऊ नये. माझं प्रमाण चुकतंय कुठे ते तुमचा गणपती सांगेल का?" गणपतीनं सांगितलं नाही. दिवाळीनंतर जमलं.

जमल्याची खात्री करायला त्यांनी त्या दिराकडूनच एक गोणी खडे मीठ मागवलं. दीर स्वतः घेऊन आला. त्याला चादरीवर मीठ पसरायला लावलं, वर उभं राहायला लावलं, नाचायला सांगितलं. तो बिचारा आधी लाजत होता, मग हसायला लागला. एक थेंब सुटला नाही. युसूफसर म्हणाले, "आता झाली." त्या माणसाला कधी कोणी सांगितलं नाही की पहिली चादर त्याच्यामुळे फुटली. आता हे वाचून कळलं तर कळो. त्या नाचानंतर तोच सगळ्या खाडीपट्टीत सांगत फिरला की रोह्याला एक चादर आहे.

नवीन कवचाचा कंपनीला फायदा झाला. गाद्यांचा माल जास्त टिकू लागला. पण चादरीची गोष्ट वर पोचल्यावर मॅनेजरनं बोलावून घेतलं. ज्या मालाच्या गाद्या होतात तोच माल प्रेताखाली जातो हे बाजारात पसरलं तर गाद्या कोण घेईल? प्रश्न रास्त होता. चादर आवारात ठेवायची नाही, कंपनीचं नाव घ्यायचं नाही, असा हुकूम निघाला. युसूफसरांनी वाद घातला नाही. म्हणाले, "त्यांचं बरोबर हाय. माझं पण बरोबर हाय." त्याच संध्याकाळी चादर आमच्या पडवीत आली.

त्यानंतर ती पेण-रोह्याच्या किती घरांत गेली ते आम्ही कधी मोजलं नाही. हिंदूंकडे जायची, युसूफसरांच्या मोहल्ल्यातही जायची, जिथे कोणी कतारहून किंवा कुवेतहून यायचं असेल तिथे. युसूफसर होता होईल तो स्वतः जायचे. घरात शिरताना कोणाशी बोलत नसत. चादर घालून झाली की मोठ्या माणसाला एवढंच सांगायचे, "गारव्यानं भरली हाय. एक दिवस नि एक रात्र बघायला नको." येणारा माणूस आला, त्यानं तोंडावरचा कपडा बाजूला केला, की ते तिथून निघून बाहेर चपलांपाशी येऊन उभे राहायचे. तो क्षण त्यांनी कोणाच्याही घरी पाहिला नाही.

मग रोह्यातल्या एका घरी एक गोष्ट झाली. वडील गेले होते, मुलगा नवी मुंबईत. म्हणजे दोन-अडीच तासांची वाट. आम्ही चादर घालत असताना मुलाचा फोन आला. आईला ऐकू कमी येतं म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. आई म्हणाली, चादरवाले आलेत. मुलगा म्हणाला, हो का, मग बरं झालं. चादर किती टिकते? आईनं आमच्याकडे पाहिलं आणि सांगितलं, एक दिवस, एक रात्र. मुलगा म्हणाला, मग मी उद्या संध्याकाळी येतो, सकाळी एक महत्त्वाची मीटिंग आहे, ती उरकतो.

आईनं बरं म्हटलं आणि फोन ठेवला. नवऱ्याच्या उशाशी जाऊन बसली. रात्रभर तशीच बसणार हे दिसत होतं.

युसूफसर बाहेर आले. चपला घालता घालता थांबले. म्हणाले, "आपण बर्फ काढला, संध्याबाय. त्याच्याबरोबर घाई पण काढली."

त्या दिवसापासून ते चादर घालायला जायचे, पण त्यांची चाल बदलली. फोनवर कोणी टिकण्याचा काळ विचारला तर सांगत नसत. "माणूस कवा निघतोय ते सांगा," म्हणायचे. मी म्हणाले, सर, सगळे तसे नसतात. बहुतेक धावतच येतात. ते म्हणाले, धावणाऱ्याला बर्फ पण पुरतो. मी म्हणाले, नाही पुरत, तुम्हाला कुठे पुरला? हे बोलायला नको होतं की बोलायला हवं होतं, ते मी अजून ठरवलेलं नाही. चादर मात्र त्यांनी बंद केली नाही.

निवृत्त झाल्यावर वर्षभरात त्यांचं हृदय बिघडलं. पायांवर सूज, चार पावलं चाललं की दम. डॉक्टर म्हणाले, औषधांवर जाईल तितकं जाईल. मुलगा इम्तियाज कतारला. चांगला मुलगा, दर शुक्रवारी फोन करणारा, पैशाअडक्याला कमी न करणारा. बापाची तब्येत कळल्यावर म्हणाला, काम जरा हलकं झालं की येतो. एके दिवशी मी दूध द्यायला गेले होते तेव्हा फोन चालू होता. युसूफसर उशाला टेकून बसले होते, दोन वाक्यांमध्ये दम घेत होते.

"ऐक," ते म्हणाले. "चादर मला घालायची नाय. मी गेलो की दिवस कलायच्या आत, असरच्या नमाजाआधी माती. संध्याबायला सांगितलंय, तुझ्या आईला सांगितलंय. तुला बाप बघायचा असेल तर डोळे उघडे हायेत तवर ये. मिटल्यावर मी कुणासाठी थांबणार नाय."

मला त्यांनी काहीही सांगितलेलं नव्हतं. त्या क्षणी सांगितलं.

इम्तियाज चिडला. रात्री त्यानं मला फोन केला. अख्ख्या तालुक्याच्या पोरांसाठी त्यांनी मयत थांबवलं, आणि माझ्यावरच हा राग का? तुम्ही त्यांना समजवा. मी म्हणाले, समजावणं माझं काम नव्हे, त्यांनी सांगितलंय ते मी करणार. हाजराभाभी दुसऱ्या दिवशी दुकानात आल्या, गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, ते म्हणतात तसं म्हणू दे गो, तू फ्रीझर चालू ठेव. त्यांना मी सांगितलं की फ्रीझर नेहमीच चालू असतो. चादर न्यायची की नाही ते त्या वेळी तुम्ही बोला, मी बोलणार नाही. भाभी रडल्या नाहीत. दुधाची पिशवी घेतली आणि गेल्या. आठवडाभर त्यांच्या घरी कोणी कोणाशी नीट बोलत नव्हतं. बाप फोन घेत नव्हता. मुलगा आईकडे चौकशी करायचा, आई सांगायची, सूज वाढलीय.

आणि मग इम्तियाज आला. न कळवता, पनवेलहून एसटीनं, एका बॅगेवर.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दिवसांत. सकाळची वेळ होती. ओट्यावर खुर्ची टाकून युसूफसर बसले होते, गळ्याभोवती टॉवेल. इम्तियाज कात्रीनं त्यांची दाढी सारखी करत होता आणि ती काही त्याला जमत नव्हती. डावीकडे जास्त गेली, मग उजवीकडे तेवढी काढायची म्हणून उजवीकडे जास्त गेली. युसूफसर त्याला बोलत होते, कतारला काय न्हाव्याचं काम करतोस का, मग हात का शिवशिवतायत. तो म्हणत होता, अब्बा, हलू नका, बोलू पण नका. आरसा भाभींनी समोर धरला होता. युसूफसरांनी त्यात एकदाही पाहिलं नाही. मुलगा वाकून, ओठ दाबून, कानाजवळचे केस कापत होता. त्याचा चेहरा यांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता, आणि ते त्याच्याकडे बघत होते. काही तपासायला घेतलं की बघत तसे.

मी दूध आत ठेवलं. निघताना त्यांनी माझ्याकडे न वळता विचारलं, "कसा दिसतो, संध्याबाय?" मी म्हणाले, वाकडा. ते म्हणाले, "चालेल."

इम्तियाज कतारला परत गेल्यावर काही दिवसांनी, पहाटे, ते झोपेतच गेले. कळलं तसं मी फ्रीझर उघडून चादर तयार आहे ते बघितलं आणि भाभींच्या फोनची वाट पाहिली. त्यांनी आधी मुलाला फोन केला होता. त्याला विचारलं होतं, थांबवू का? तो म्हणाला, नको, मी बघितलंय त्यांना. असरच्या आधी माती झाली. चादर आमच्या पडवीतच राहिली, आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या कोणाच्या घरी गेली.

इथपर्यंत काल लिहिलं. आज सकाळी उठून फ्रीझर उघडला. चादर तयार झाली होती, दोन्ही भाग घट्ट आणि गार. नवऱ्याला हाक मारली. त्यानं विचारलं, कोण गेलं? म्हटलं, कोणी नाही, उचल त्या बाजूनं. दोन्ही भाग गच्चीवर नेले आणि उन्हात पसरले. खालून वरून उलटून घेतले. मे महिन्याचं ऊन, लगदा पातळ व्हायला फार वेळ लागला नाही. प्रत्येक कप्पा दाबून पाहिला. पुन्हा भरायची तर दोन दिवस जाणार. मधल्या काळात कोणाला लागली तर बर्फाचा कारखाना आहेच, आणि त्याचा दोष माझ्यावर, हे मी धरून चालले आहे.

मग बंगळूरला फोन लावला. सांगितलं, चादर तयार नाही. तुम्ही आजच निघा.